गाडीला दिसलेला अंधार

चूक माझी होती. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आतोबांबद्दल लिहायला बसलं की मला हसू येतं, वाचणाऱ्यालाही येईल, आणि त्या हसण्याच्या आडोशाने मी निसटून जाईन अशी धास्ती वाटते. एका भल्या माणसाला मी स्वतःच्या डोळ्यांबद्दल शंका घ्यायला लावली, आणि खरं काय ते कळल्यावरही गप्प बसलो. एवढं सांगून झालं की आतोबांकडे वळायला माझी हरकत नाही.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मालगुंडला राहतात. आश्चर्य वाटणं ही जर एखादी विद्या असेल, तर त्या विद्येत त्यांच्या तोडीचा माणूस जयगडपासून पूर्णगडापर्यंतच्या किनाऱ्यावर झालेला नाही. तुम्हाआम्हाला आश्चर्य वाटायला काहीतरी घडावं लागतं. आतोबांना तशी गरज नाही. नारळाचं झाड एवढ्या उंचावर पाणी चढवतं आणि ते कुठेही न सांडता करवंटीत बंद करून ठेवतं, याचं त्यांना सत्तरी उलटली तरी नव्याने नवल वाटतं, आणि नारळ पाडायला आलेला माणूस झाडाखाली कोयता हातात धरून त्यांचं बोलणं संपायची वाट बघत उभा राहतो. घरावरच्या टाकीत पाणी भरलं की तरंगता गोळा वर येऊन नळ आपोआप बंद करतो, हे दाखवायला ते पाहुण्यांना शिडीवर चढवतात. माझ्या बायकोला लग्नानंतर पहिल्यांदा मालगुंडला नेलं, तेव्हा चहाच्या आधी तिला तो गोळा बघावा लागला होता. रत्नागिरीच्या एका इस्पितळात काचेचं दार त्यांना बघून आपसूक उघडलं, तर ते आत जाईनात. बाजूला होऊन दाराला म्हणाले, “हो, हो, सावकाश.” त्यांची सगळी नोकरी बंदर खात्यात कारकुनीत गेली. तिथेही भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर लिहिताना ते दर वेळी खिडकीशी जाऊन समुद्र वेळेवर आला का ते बघून यायचे, आणि आला असला तर समाधानाने मान हलवायचे, असं त्यांचे जुने सोबती सांगतात.

कुठलीही वस्तू नीट चाललेली दिसली की आतोबांचं एक वाक्य ठरलेलं असतं: “यात कुणाचं तरी डोकं आहे, बघ.” ते डोकं कुणाचं याची त्यांना फार उत्सुकता नसते. पण कुठल्यातरी अनोळखी माणसाने आपला कधीकाळी विचार करून ठेवला होता, या कल्पनेने त्यांचे डोळे भरून येतात. मी रत्नागिरीत एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझा स्वभाव उलटा. वस्तू चालली नाही की मग मी तिच्याकडे बघतो. एकदा मी त्यांना म्हटलं, की आतोबा, कसं चालतं ते एकदा समजलं की मग नवल कसलं? त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं, की मला जेवण गेलं नाही. म्हणाले, “समजल्यावर नवल संपत असेल, तर समजण्यात काहीतरी राहून गेलं म्हणायचं.”

अशा माणसाच्या आयुष्यात आपोआप दिवे लागणारी मोटार आली, तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करावी. आत्याच्या गुडघ्यांनी एस.टी.ची पायरी चढायचं सोडून दिलं, रिक्षात बसली की तिला उतरवायला दोघे लागू लागले, म्हणून त्यांनी बरीच वर्षं नुसतीच उभी असलेली जुनी गाडी विकून नवी घेतली. शोरूममधल्या मुलाने सगळं समजावता समजावता दिव्यांचा खटका दाखवला आणि म्हणाला, हा ऑटोवर ठेवा काका, अंधार पडला की दिवे गाडी स्वतः लावील, उजेड झाला की स्वतः बंद करील. आतोबांनी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “तिला कळतं कसं?” गाडी त्या क्षणापासून त्यांच्यासाठी ‘ती’ झाली.

पहिल्या संध्याकाळी मी होतो. आरे-वारेच्या चढावर समुद्र तांबूस झाला होता, रस्ता दिसत होता, दिवे लावावेत असं मला काही वाटलं नव्हतं. चाकासमोरच्या तबकडीवर हिरव्या रंगाची एवढीशी खूण उमटली आणि रस्त्यावर उजेडाचा पट्टा पडला. आतोबांनी गाडी बाजूला घेतली, थांबवली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या खुणेकडे बघत बसले. मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, “काय झालं? बंद पडली काय?” आतोबा म्हणाले, “नाही गो. जागी झाली.”

मग प्रयोग सुरू झाले. एका आंब्याच्या सावलीतून गेलं तर ती दिवे लावत नाही. दोन्ही बाजूंच्या झाडांनी वर कमान धरलेली असेल, आणि ती कमान पुरेशी लांब असेल, तरच लावते. बाहेर उन्हात आल्यावर लगेच विझवत नाही, जरा थांबते. आतोबांना सगळ्यात मोह पडला तो या थांबण्याचा. म्हणायचे, “उतावळी नाही. खात्री करून घेते. आपला जावई बघ, ढग आला की छत्री, ढग गेला की बंद.” वेळणेश्वरला कुलदेवाला निघाले होते, तेव्हा तरीतून, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीतून, तवसाळला उतरल्यावर असा एक गर्द झाडीचा तुकडा त्यांना सापडला. भटजी बरोबर होते. त्यांना हा चमत्कार नीट बघता आला नाही म्हणून आतोबांनी गाडी वळवून पुन्हा त्या झाडीतून नेली, आणि परत एकदा. अभिषेकाची वेळ टळत चालली तेव्हा भटजी कळवळून म्हणाले, की शंकर काही कुठे जात नाही हे खरं, पण मला दुपारी गुहागरात दुसरं काम आहे.

घरी तर स्पर्धाच लागली. दिवेलागणीला आत्या तुळशीपुढे निरांजन लावते. आतोबा त्याच सुमाराला गाडी अंगणात काढून, चालू करून, आत बसून राहायचे. अंधार पडलाय हे आधी कुणाला कळतं, आत्याला की गाडीला, एवढाच प्रश्न. ढगाळ दिवशी गाडी जिंकायची. मग आतोबा आतून हात बाहेर काढून खूण करायचे. एका संध्याकाळी आत्या निरांजन हातात धरून ओटीवरूनच म्हणाली, “तिला म्हणावं, मग शुभंकरोतीही तूच म्हण.” आतोबांनी ते वाक्य सगळ्या वाडीत सांगितलं. बायकोच्या बुद्धीचंही त्यांना नवल वाटतं.

हे हसण्यावारी नेण्यासारखं असलं तरी त्यामागचं त्यांचं म्हणणं मला पटत असे. ते म्हणायचे, काळोख पडला की कुणीही दिवा लावतो. घात होतो तो आधीच्या घटकेत, जेव्हा चालवणाऱ्याला वाटत असतं की अजून दिसतंय. त्याला दिसत असतंच. पण समोरून डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या बाईला ही करड्या रंगाची गाडी करड्या रस्त्यावर दिसत नसते. “आपल्याला दिसावं म्हणून दिवा लावतात असं आपण समजतो,” ते म्हणायचे, “निम्मा तर आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून असतो.” पावसाळ्यात निवळीच्या घाटात भर दुपारी धुकं उतरलं, पुढच्या ट्रकचा मागचा भाग एकदम दिसेनासा झाला, तेव्हा शेजारी बसूनही माझा हात स्कूटरच्या सवयीने खटका शोधत होता आणि आतोबांची गाडी केव्हाच दिवे लावून बसली होती. आतोबांचे दोन्ही हात चाकावर, नजर रस्त्यावर, आणि ध्यानात ठेवायची एक गोष्ट कमी. वय झालेल्या माणसाला याची किंमत किती, ते त्या दिवशी मला कळलं.

आता ती कसं ओळखते, याबद्दल. आत एक डोळा असतो. त्यावर उजेड पडला की त्यातून वाहणारी वीज बदलते, उजेड कमी झाला की ती उलट बदलते, आणि ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेली की दिव्यांना हुकूम सुटतो. इतकंच. आतोबांना हे मी वाचून सांगितलं होतं आणि त्यांना ते अर्थातच फार आवडलं होतं. तो डोळा नेमका कुठे, हे मात्र मी वाचलं नाही. शोरूमच्या मुलाने बोलता बोलता समोरच्या काचेकडे मोघम हात केला होता. त्यावरून आतोबांनी ठरवलं, की आतल्या आरशाच्या मागे काचेला चिकटलेलं जे काळं काही आहे, तोच डोळा. रोज सकाळी अंघोळ झाल्यावर ते जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने त्या जागेची काच बाहेरून पुसायचे. त्याला ते ‘तिचं तोंड धुणं’ म्हणत. दुसऱ्याच कुणाचं तोंड धुतलं जात होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

दसऱ्याला गाडीची पूजा होती. आंब्याच्या पानांचं, झेंडूचं तोरण झालं, चाकाखाली लिंबं ठेवली, आत्याने खुर्चीत बसूनच अक्षता टाकल्या. मी गणपतीपुळ्याहून एक छोटी मूर्ती आणली होती, गाडीत ठेवतात तशी. पुढच्या फळीवर, बरोबर मधोमध, काचेच्या पायथ्याशी, एक काळा गोल उंचवटा होता, मोठ्या बटणाएवढा. मला वाटलं, गाडी बनवणाऱ्यांनी देवाची सोय करून ठेवली आहे. आमच्याकडे कुणालाही तसंच वाटलं असतं, पण ते वाटलं मला. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावून मी त्या उंचवट्यावर गणपती बसवला आणि अंगठ्याने चांगला दाबला. आतोबांनी हात जोडले. “यात कुणाचं तरी डोकं आहे, बघ,” ते म्हणाले, “देवाला बरोबर जागा ठेवलीये.”

त्यानंतर गाडी भर उन्हात दिवे लावून फिरू लागली.

आतोबांनी ती हिरवी खूण बघितली, आणि पहिले काही दिवस त्यांचा आनंद गगनात मावेना. त्यांचा निष्कर्ष असा, की अनुभवाने तिची नजर तीक्ष्ण झाली आहे. आपल्याला न जाणवणारा बारीकसा काळोखही तिला आता दिसू लागला आहे. गाडी उभी करून ते आभाळाकडे बघायचे आणि कुठेतरी क्षितिजाला एखादा ढग सापडला की सुखावायचे. ढग सापडेना तेव्हा मात्र ते जरा गप्प झाले. समोरून येणारे लोक हाताच्या बोटांची उघडझाप करून दिवे चालू असल्याची खूण करायचे. मालगुंडच्या तिठ्यावरचा एक रिक्षावाला म्हणाला, “आजोबा, सूर्य कमी पडतोय काय?” आतोबांनी त्याला सांगितलं, की मी लावलेले नाहीत, तिने लावलेत. रिक्षावाल्याने मान डोलावली, आणि ती मान कशी डोलावली ते दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाला ठाऊक होतं. खटका फिरवून दिवे बंद करा, असं आत्याने दोनदा सुचवलं. पण ते त्यांना पटेना. ज्याच्यावर एकदा विश्वास टाकला त्याच्या कामात बोट घालायचं नाही, हा त्यांचा बाणा. टाकीतल्या गोळ्यालाही त्यांनी कधी हात लावलेला नाही.

मलाही ते दिवे दिसले. एका दुपारी मारुती मंदिराच्या चौकात ते माझ्या समोरून गेले, मला हात केला, आणि लख्ख उन्हात दोन्ही दिवे जळत होते. त्या दिवशी मी पुण्याला त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, फोन केला. काळजीपोटी केला असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज खरं सांगायचं तर जबाबदार भाचा म्हणवून घेण्याची हौसही त्यात होती. मी म्हणालो, की आतोबांच्या हल्ली लक्षात राहत नाही असं दिसतं. दिवसा दिवे लावून हिंडतात, आणि विचारलं तर गाडीने लावले म्हणतात.

आतेभाऊ दिवाळीला आला तोच ठरवून. तो तिन्हीसांजेला पोचला. गाडी नारळाच्या झापांच्या मांडवात उभी होती, तिथे दिवे लागले तर त्यात नवल नव्हतं, त्यामुळे तपासण्यासारखं त्याला काही दिसलंच नाही. फराळाची ताटं समोर असताना त्याने हळुवारपणे विषय काढला. आतोबा म्हणाले, “मी दिवे लावतच नाही रे. ती लावते. तिला अंधार दिसतो.” आतेभावाने माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. मग त्याने किल्ली मागितली. आतोबांनी बंडीच्या खिशातून ती काढून चकलीच्या डब्याशेजारी ठेवली, आणि आतेभावाने ती माझ्याकडे दिली. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी येऊन मी गाडी चालू करायची असं ठरलं. वर सगळ्यांसमोर तो म्हणाला, “तू लक्ष ठेवलंस म्हणून बरं झालं.” मला ते गोड लागलं होतं, हेही इथे लिहायला हवं.

रविवारी मी जाऊ लागलो. गाडी मांडवातून अंगणात काढायची, थोडा वेळ चालू ठेवायची, परत लावायची. आतोबा त्या वेळी ओटीवर, अंगणाकडे पाठ करून बसत. अशाच एका रविवारी, माथ्यावर ऊन असताना, आत्याची मांजर चाकापुढे येऊन बसली म्हणून मी खाली उतरलो आणि पाहिलं, तर दिवे चालू. मी काहीही लावलं नव्हतं. खटका ऑटोवर होता. मी आत येऊन बसलो. गणपतीच्या पायाशी वाळलेली जास्वंद साचली होती. ती काढायला गेलो, तर उन्हाने सैल झालेली पट्टी सुटून मूर्ती हातात आली. मी ती शेजारच्या सीटवर ठेवून फुलं वेचत राहिलो. जरा वेळाने वर बघितलं तर हिरवी खूण गेलेली होती. मूर्ती परत ठेवली, खूण आली. उचलली, थोडं थांबलो, खूण गेली. त्या काळ्या उंचवट्यावर उजेड पडत होता आणि तो माझ्याकडे शांतपणे बघत होता. डोळा तोच होता. गाडीला अंधार दिसत होता, आणि तो खरोखरच तिथे होता. मी देव बसवून केलेला.

आता जे लिहितो ते लिहायला सगळ्यात जड जातंय. मी काचेतून ओटीकडे पाहिलं. पाठमोरे आतोबा बसले होते. हाक मारली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मला आतेभावाचं ते वाक्य आठवलं, वाडीतल्या लोकांची तोंडं आठवली, आणि मी काय केलं, तर पट्टी थुंकीने साफ करून गणपती पुन्हा होता तिथेच चिकटवला. गाडी मांडवात लावली, किल्ली खिशात घातली, आत्याने दिलेला चहा प्यालो आणि रत्नागिरीला परत आलो.

मधल्या रविवारांत मी आतोबांना मावळताना पाहिलं. माझा समज होता की त्यांना गाडी गेल्याचं दुःख असेल. ते नव्हतं. त्यांनी सरळ हिशोब मांडला होता: मला उजेड दिसतो, तिला अंधार दिसतो. दोघांतला एक चुकतोय, आणि ती काही चुकायची नाही. मोतीबिंदूचं काम केलेल्या डॉक्टरांना आत्याने घरी बोलावून दाखवलं. त्यांनी डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितलं. आतोबा म्हणाले, “डॉक्टर माणूस आहे. माणूस चुकू शकतो.” एरवी मी यावर पोट धरून हसलो असतो. टाकी भरून गोळा वर आला की ते आता शिडीकडे बघत नसत. नारळाबद्दल बोलेनासे झाले, काम लवकर उरकू लागल्यामुळे नारळ पाडणाऱ्यालाही चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. आणि एका रविवारी मी निघताना आत्या माझ्यामागून काठी टेकत फाटकापर्यंत आली. सांगू की नको असं करत शेवटी म्हणाली, “काल विचारत होते, दिवे लावायची वेळ झाली काय गो? अरे, दुपार होती. मी म्हटलं, तुम्हाला दिसत नाही? तर म्हणतात, मला दिसतंय, पण माझ्या दिसण्याचं काय घेऊन बसलीस.”

मी रत्नागिरीला येईपर्यंत ते वाक्य माझ्या मागच्या सीटवर बसून होतं. घरी पोचल्यावर पुण्याला फोन केला आणि आतेभावाला सगळं सांगितलं, मूर्ती परत चिकटवल्यासकट. तो म्हणाला, “किल्ली देऊन टाक त्यांना. आणि बाबांना तू सांग. मी सांगणार नाही.”

पुढच्या रविवारी मी आतोबांना गाडीत बसायला सांगितलं. ते नको म्हणाले. मी हाताला धरून नेलं, चाकामागे बसवलं आणि गाडी उन्हात आणून उभी करायला लावली. हिरवी खूण उमटली. त्यांनी ती मला बोटाने दाखवली, आरोपीने स्वतःविरुद्धचा पुरावा दाखवावा तशी. मी गणपती उचलला. आम्ही थांबलो. तिची ती खात्री करून घेण्याची सवय त्या दिवशी मला फार लांबलचक वाटली. मग खूण गेली.

आतोबांनी उंचवट्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या मूर्तीकडे पाहिलं. हळूच आपला तळवा पुढे केला आणि उंचवट्यावर धरला. खूण आली. तळवा काढला, वाट पाहिली, गेली. लहान मुलाशी कुक खेळावं तसे ते तिच्याशी किती तरी वेळ खेळत राहिले, आणि त्यांचा चेहरा दर वेळी थोडा थोडा परत येत गेला. शेवटी म्हणाले, “म्हणजे ती खोटं बोलत नव्हती.” आणि मग जरा वेळाने, स्वतःशीच, “मीसुद्धा नव्हतो.”

माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत त्यांनी आत्याला हाक मारली. ती काठी टेकत बाहेर आली तर तिला म्हणाले, की तुझ्या भाच्याने शोधून काढलंन बघ, एवढे दिवस आम्हा कुणाला सुचलं नाही, वाचणाऱ्या माणसाचं डोकंच वेगळं. आत्याने माझ्या गालावरून हात फिरवला, आत जाऊन ओल्या खोबऱ्याच्या करंज्या आणल्या. मी त्या खाल्ल्या. तिसरी बशीत तशीच ठेवली. आतोबा मात्र त्या उंचवट्यापुढे वाकून फडक्याने तो पुसत होते आणि आरशाकडे बघून हसत होते. एवढे महिने भलत्याचंच तोंड धूत होतो, म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी गाडी बाहेर काढली. मूर्ती मी डाव्या कोपऱ्यात, कुणाच्या वाटेत येणार नाही अशी बसवली होती. आत्या मागे, मी शेजारी. गणपतीपुळ्याकडच्या रस्त्याला सुरूच्या झाडांतून समुद्र मधूनमधून दिसत होता. उजेड अजून बराच होता, पण त्यात पाणी मिसळल्यासारखा तो पातळ होत चालला होता. गाडी सावकाश चालली होती आणि आतोबा वाट बघत होते, तिची आणि स्वतःचीही. एका वळणाच्या आधी त्यांनी सहज म्हटलं, “आता लावायला हवेत.” वळण संपता संपता रस्त्यावर उजेड पडला. दोघांचं जमलं होतं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि त्या नजरेत माझ्याबद्दलची कृतज्ञता इतकी उघडी होती, की मला त्यांच्याकडे बघवेना.

“यात कुणाचं तरी डोकं आहे, बघ,” ते म्हणाले. “आणि तुझंही.”

“आतोबा,” मी म्हणालो, “गाडी जरा बाजूला घ्या.”

त्यांनी घेतली. समोर एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन येत होती. आमच्या दिव्यांच्या उजेडात ती लांबूनच रस्त्याच्या कडेला झाली आणि आम्हाला ओलांडून गेली. मग मी सांगितलं. आरशात आत्या दिसत होती, तरी सांगितलं.

“मूर्ती तिथे मी बसवली, ती चूक झाली. पण तुमच्या लक्षात राहत नाही असा पुण्याला फोन करणारा मीच. आणि हे सगळं मला आज कळलेलं नाही. महिना होऊन गेला. तुम्ही ओटीवर पाठ करून बसला होतात, तेव्हा मी गणपती उचलून बघितला, आणि परत तिथेच ठेवला. तुम्हाला उजेड बरोबर दिसत होता, आतोबा. पहिल्यापासून बरोबर दिसत होता. मला क्षमा करा.”